नागलीची गोड धिरडी

निवृत्तीनंतर रक्तातील साखर वाढली आणि रविवारची जिलेबी बंद झाली. तेव्हा सौभाग्यवतींनी पेठ-सुरगाण्याकडील नागली आणून धिरडी आरंभिली. एक वाटी नागलीचे पीठ, अर्धी वाटी कोंड्यासहित कणीक, वेलदोडा, चिमूटभर मीठ. पाव वाटी गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. सैलसर भिजवून १५ मिनिटे ठेवावे. आंबवणे नाही, रात्रीचे उरवणे नाही, त्यामुळे आपल्या आचारास बाध येत नाही. मध मात्र आपणांस वर्ज्यच. नागलीस चिकटपणा नसतो, म्हणून झाकण ठेवून, कड सुटेपर्यंत धिरडे उलटू नये; आमचे पहिले मोडलेच.

१०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा नफा. गूळ नैसर्गिक खरा, परंतु रक्ताच्या खतावणीत तो साखरेच्याच खाती नावे पडतो. मी दोनच घेतो आणि तिसऱ्याकडे पाहत बसतो.