विश्लेषण : हिरा ‘नैसर्गिक’, पण त्याचा रंग?

पांढऱ्या हिऱ्यात पिवळसर झाक दिसली, की सराफ भाव उतरवतो. हीच झाक एका मर्यादेपलीकडे गडद झाली, की तोच हिरा ‘फॅन्सी’ ठरतो आणि भाव चढू लागतो. म्हणजे थोडा रंग हा दोष आणि भरपूर रंग हा गुण! हा उफराटा न्याय समजून घ्यायचा, तर हिऱ्याला रंग कशामुळे येतो हे आधी पाहायला हवे.

पिवळा आणि निळा रंग कशामुळे?

शुद्ध हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. त्याला रंग नसतो. जमिनीखाली हिरा तयार होताना कार्बनच्या जागी नायट्रोजनचे अणू शिरले, तर ते निळा प्रकाश शोषतात आणि हिरा पिवळा दिसतो. बोरॉन शिरला तर तांबडा प्रकाश शोषला जातो आणि हिरा निळा दिसतो. त्यासाठी दहा लाख अणूंमागे बोरॉनचा एखादा अणूही पुरतो. असा निळा हिरा विजेचा वाहकही असतो, एरवी हिरा वीज वाहून नेत नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९५८ पासून असलेला ४५.५२ कॅरेटचा ‘होप’ हिरा याच जातीचा. तो गोवळकोंड्याच्या मुलखातून, बहुधा कोल्लूरच्या खाणीतून, युरोपात गेला.

गुलाबी हिऱ्याचे काय?

इथे बाहेरचा अणू लागत नाही. पृथ्वीच्या पोटातील प्रचंड दाबाने हिऱ्याची अणुरचना वाकते, तिचे थर सरकतात आणि गुलाबी किंवा तपकिरी छटा येते. यामागचा नेमका अणुदोष शास्त्रज्ञांना अजून पुरता उलगडलेला नाही. जगातील सुमारे ९० टक्के गुलाबी हिरे पश्चिम ऑस्ट्रेलियातील अर्गाइल या एकाच खाणीतून येत. ती २०२० मध्ये बंद झाली. त्याच खाणीतील मुबलक तपकिरी हिऱ्यांना एके काळी फारसे मोल नव्हते. ‘शॅम्पेन’ आणि ‘कोन्याक’ अशी नावे मिळाल्यावर त्यांनाही गिऱ्हाईक मिळाले.

मग हिरवा?

हिऱ्याजवळच्या खडकात युरेनियमसारखे किरणोत्सारी द्रव्य असेल, तर त्याच्या माऱ्याने कार्बनचे अणू जागचे हलतात आणि मोकळ्या जागा राहतात. त्यातून हिरवा रंग येतो. बहुतेक वेळा तो वरच्या सालीपुरताच असतो, पैलू पाडताना निघूनही जातो. जर्मनीतील सुमारे ४१ कॅरेटचा ‘ड्रेस्डेन ग्रीन’ आरपार हिरवा आहे, म्हणून त्याचे अप्रूप.

हे रंग माणसालाही देता येतात का?

येतात, आणि खरी मेख इथेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम क्रूक्स यांनी रेडियमच्या क्षारांत हिरे ठेवून ते हिरवे केले होते. आज किरणांचा मारा, उष्णता आणि दाब यांच्या साह्याने खाणीतल्या स्वस्त हिऱ्यालाही पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी रंग देता येतो. प्रयोगशाळेत तर हिराच नव्याने वाढवला जातो : नायट्रोजन राहू दिला की पिवळा, बोरॉन घातला की निळा. दोन्हीकडे कार्बन तोच आणि रंग देणारा अणूही तोच. एकाला कोट्यवधी वर्षे लागली, दुसऱ्याला काही आठवडे.

नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही, भिंगातूनही बऱ्याचदा नाही. हिरव्या हिऱ्यांच्या बाबतीत तर नामांकित प्रयोगशाळाही कधी कधी अहवालात ‘रंगाचा उगम ठरवता आला नाही’ असे लिहून मोकळ्या होतात.

ग्राहकाने काय विचारावे?

‘हिरा नैसर्गिक आहे’ आणि ‘रंग नैसर्गिक आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. खाणीतून आलेल्या हिऱ्याला यंत्रात रंग दिला असेल, तर पहिले विधान खरे आणि दुसरे खोटे. दुकानात मात्र पहिले ठासून सांगितले जाते आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळले जाते. किमतीतला मोठा फरक या मौनातच दडलेला असतो.

प्रक्रिया केलेला किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घेण्यात काहीही गैर नाही. फक्त रंग आवडला असेल, तर तो शहाणपणाचा व्यवहारच म्हणावा लागेल. गैर आहे ते त्याला दुर्मीळ हिऱ्याचा भाव लावणे. रंगीत हिऱ्याची किंमत सौंदर्यापेक्षा दुर्मीळतेची असते, आणि दुर्मीळता दिसत नाही, ती सिद्ध करावी लागते. म्हणून हिऱ्याचा उगम आणि रंगाचा उगम या दोन्ही गोष्टी बिलावर स्वतंत्र ओळींत लिहून देणे, ही सराफांची जबाबदारी मानली गेली पाहिजे. तोवर ग्राहकानेच स्वतंत्र प्रयोगशाळेच्या अहवालातील रंगाच्या उगमाची ओळ शोधावी, खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक असल्यास तो अहवालाशी ताडून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. ती ओळ नसेल, तर नैसर्गिक रंगाचा भाव देण्याचे कारण नाही.