कार्पेंटर मावशींच्या घरी

कर्जत-खालापूरचं एखादं पोर वर्षभरासाठी परदेशी कुटुंबात राहायला निघालं, की घरात पहिला प्रश्न येतो तो जेवणाचा. कर्जत लोकलच्या वाटेवरच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींपुढेही तो होताच. जून १८८३ मध्ये त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. ओळख केवळ पत्रांतली. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, मांसाहार केला नाही आणि यजमानीणबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या.

पुढे डॉक्टरी शिकताना फिलाडेल्फियात कॉलेजजवळच्या खोलीत थंडी आणि धुरकट शेकोटीने त्यांची तब्येत खालावली. घराची सोबत किती मोलाची असते, हे त्या खोलीने दाखवलं. तरीही ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या.

आज रोटरीच्या विद्यार्थी विनिमयात १५ ते १९ वर्षांची मुलं वर्षभर परक्या घरांत राहतात, तिथल्या शाळेत जातात. बहुतेकदा एकाहून अधिक कुटुंबांत.

आपल्या तालुक्यांतल्या घरांनीही असं यजमानपण घ्यायला हवं. पाहुण्याला १९०७ पासूनची माथेरानची गाडी दाखवावीच. पण दिवाळीच्या सुमारास भातकापणीला शेतावरही न्यावं, तांदळाची भाकरी थापायला बसवावं, घरच्या मुलांसारखी कामं सांगावीत.