गुडघे कुरकुरतात, बोटे आखडतात

मैत्रिणींनो, उन्हाळा आला की आपल्या वऱ्हाडात गच्चीवर पापड, कुरडया, सरगुंडे यांची धांदल उडते. तासन् तास मांडी घालून बसायचे आणि उठताना जमिनीला हात टेकून “अगं आई गं” म्हणायचे! मग “वाताचं दुखणं, चालायचंच” म्हणत बाम चोळून आपण पुन्हा स्वयंपाकाला लागतो. पण सांधेदुखी म्हणजे एकच आजार नव्हे.

पन्नाशीनंतर जिना चढता-उतरताना गुडघा दुखतो, ती बहुधा सांध्याची झीज. तिच्यावर पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, हळूच खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. कणीक भिजेपर्यंत होऊन जाते! वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शेकाने, तेलाने बरे वाटते, जरूर लावा. मात्र त्याने झीज भरून येत नाही. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या बाधतात, रक्तदाब असेल तर अधिकच. (ताक-लिंबाने सांधे बिघडतात याला मात्र आधार नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात ताक सोडायचे म्हणजे शिक्षाच की!)

दुसरा प्रकार मोठा कपटी. तिशी-चाळिशीतच, सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे तासभर आखडलेली, सुजलेली. बांगडी चढत नाही, पोळी लाटवत नाही. हा आमवात, म्हणजे शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते. बायकांना तो पुरुषांपेक्षा दोन-तीन पट अधिक होतो. इथे दिरंगाई नको. बोटे एकदा वाकडी झाली की औषधाने सरळ होत नाहीत. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असेही नसते. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचे नेहमीचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते! म्हणून वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

“दोन दिवसांत आराम” देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सांभाळा. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. महिनोन् महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडा.

चिकुनगुनियानंतर सांधे काही महिने धरतात. २००६ च्या साथीत आपल्या राज्याने ते चांगलेच अनुभवले. त्याचे उपचार निराळे.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटची; बाकीचे उपाय थकले, रात्रीची झोपही उडाली, तेव्हाची. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तरी रुग्णालयाचा खर्च वेगळा असतो, तो आधी लेखी विचारून घ्या.

अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहेच. जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, त्या पुड्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि सकाळी बोटे किती वेळ आखडतात, ते घड्याळ लावून आठवडाभर लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.