मद्याच्या अंगणात पाळणा

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात शनिवार-रविवारी दिसणारे एक दृश्य आता कुणालाही खटकेनासे झाले आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या मोटारीतून आधी बाबागाडी उतरते, मग दुधाच्या बाटल्यांची पिशवी आणि शेवटी वर्षही न भरलेले बाळ. द्राक्षमळ्यात छायाचित्रे निघतात आणि सारे कुटुंब वाईन चाखण्याच्या दालनाकडे वळते. ज्याचे उष्टावण नुकतेच झाले, त्या बाळासमोर आईवडिलांचे पेले किणकिणतात. याला ‘कौटुंबिक सहल’ असे गोंडस नाव देण्यात आले आहे.

तान्ह्या मुलाच्या आईने घराबाहेर पडूच नये, असे कुणीही सुज्ञ म्हणणार नाही. विभक्त कुटुंबात दिवसरात्र बाळाशी जखडलेल्या त्या माउलीला मोकळ्या हवेची गरज असतेच. द्राक्षाची बाग पाहावी, धरणाकाठी बसावे, जेवून परतावे. यात गैर काहीच नाही. आक्षेप आहे तो मद्यपानाला कुटुंबवत्सलतेचा मुलामा देण्यावर. बाबागाडी सोबत असली की पेल्याची लाज वाटत नाही, हे या सहलींचे खरे मर्म आहे.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हा यावरचा ठरावीक युक्तिवाद. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचा मोठा गजर झाला होता. साधे गणित करून पाहावे. बारा टक्के मद्यार्काच्या वाईनच्या १५० मिलिलिटर पेल्यात १८ मिलिलिटर मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात तो १३ मिलिलिटरच्या आसपास भरतो. मग सौम्य कोण? मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

बाळाच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. मातेच्या रक्तातील मद्यार्क जवळपास त्याच प्रमाणात तिच्या दुधात उतरतो. एका पेल्यानंतर किमान दोन तास अंगावर पाजू नये, असा सल्ला अमेरिकेतील सरकारी आरोग्य यंत्रणा देते. भुकेले बाळ घड्याळ पाहून रडते काय? आणि दोष केवळ आईच्या माथी मारून बाप सुटत नाही. संध्याकाळी कसारा घाट उतरताना मोटारीचे चाक बहुधा त्याच्याच हाती असते आणि मागच्या आसनावर तेच बाळ झोपलेले असते.

ज्या कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्याचा आदर्श नाशिकपुढे ठेवला जातो, तेथील अनेक वाइनरी २१ वर्षांखालील कुणालाही चाखण्याच्या दालनात घेत नाहीत. तान्ह्या मुलांचाही त्याला अपवाद नसतो. पाश्चात्त्यांचे पेले तेवढे उचलायचे आणि त्यांचे निर्बंध मात्र तेथेच ठेवून यायचे, ही कसली आधुनिकता?

शेतकऱ्याचे हित पुढे करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की नाशिकच्या बहुतांश बागा खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत. वाईनच्या द्राक्षाला भाव मिळावा, अवश्य मिळावा. पण त्यासाठी पाळणा पेल्याशेजारी आणून ठेवण्याची गरज नाही.

वाइनरीचालकांनी चाखण्याचे दालन मुलांसाठी बंद ठेवावे आणि भोजनगृह वेगळे राखावे. आईवडिलांनीही बाळ सोबत असेल त्या दिवशी पेल्याला हात लावू नये. एका दिवसाचा हा संयम फार मोठा त्याग नव्हे. मूल बोलण्याआधी पाहायला शिकते आणि आनंदाचा प्रसंग कसा साजरा करायचा, याचा पहिला धडा ते आईबापांच्या हातांकडे पाहूनच गिरवते.