आधी पत्ता नीट लिहा!

वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छा तिळगुळाबरोबर पोचल्या की आपण पहिला दगड भिरकावतो तो पोस्टमनवर. उन्हातान्हात हिंडणारा तो गरीब माणूस. त्याला बोलणे सोपे! पण पाकिटावर लिहिले काय होते? ‘राजमान्य राजश्री’चा सगळा थाट, आणि खाली नुसते ‘मु. पो. मोहाडी’. कोणती मोहाडी? आमच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी हे तालुक्याचे गाव, आणि नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातही एक मोहाडी आहेच. पत्राने कोणत्या देवाला कौल लावायचा?

हा घोळ मिटावा म्हणूनच श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृत पंडिताने आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहांपैकी पहिले तीन आकडे पत्राला वर्गवारीच्या विभागात आणतात, शेवटचे तीन नेमक्या टपालकचेरीत. भंडारा ४४१९०४, तुमसर ४४१९१२. शेवटचे दोन आकडे चुकले, की भंडाऱ्याचे पत्र तुमसरची यात्रा करून येते!

शुभेच्छा उशिरा आल्या म्हणून फराळ कडू होत नाही. पण मुलाखतीचे पत्र तारीख उलटून आले, तर एका घराची भाकरी जाते. म्हणून तालुका, जिल्हा, पिनकोड लिहा. पाकिटावर स्वतःचाही पत्ता घाला, म्हणजे ठिकाण न सापडलेले पत्र निदान घरी परतेल. एवढे करूनही हरवले, तर पावती घेऊन खुशाल भांडा. त्या भांडणात मीही तुमच्याच बाजूने उभा राहीन!