झाडू मारून झाल्यावर

आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या भूखंडावर राडारोड्याचे ढीग आणि गर्दुल्ल्यांचे अड्डे होते. दिवेलागणीनंतर बायका तिथून जाणे टाळत. एकीचे मंगळसूत्र खेचले गेले, तेव्हा कुठे आम्हाला जाग आली. एका रविवारी चाळीसेक जण फावडी-घमेली घेऊन उतरलो. उत्साह दांडगा, फोटोही भरपूर! पण पावसाळा सरेतो गवत कमरेइतके वाढले आणि जुनी मंडळी परतली.

चुकले कुठे? उत्तर मला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका प्रयोगात सापडले. तिथल्या ५४१ ओसाड भूखंडांपैकी काही तसेच ठेवले, तर काहींवरचा कचरा उचलून हिरवळ आणि थोडी झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब वस्त्यांत अशा सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले होते. मात्र तिथे निगा दर महिन्याला राखली जात होती. शिवाय कुंपण कचऱ्याची गाडी अडवणारे होते, माणसांना नव्हे.

इतक्या लांब तरी कशाला जायचे? मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली उद्यान झाले, त्यामागेही रहिवाशांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. त्यांनी जागा नुसती झाडली नाही, ती चालण्या-बसण्यासाठी वापरात आणली.

गुन्हेगाराला स्वच्छतेची नव्हे, माणसांच्या वावराची धास्ती असते. 'हे तर पालिकेचे काम' असे कोणी म्हणेल. दिवे लावणे, कचरा उचलणे हे पालिकेचेच काम आणि ते तिच्याकडून करून घेतलेच पाहिजे. पण संध्याकाळी तिथे जाऊन बसायला पालिका माणसे कुठून आणणार?

आणि एक. गर्दुल्ल्यांना पुढच्या गल्लीत हाकलणे म्हणजे आपला केर शेजाऱ्याच्या दारात लोटणे. तीही कुणाची तरी मुले आहेत. त्यांना व्यसनमुक्ती केंद्राची वाट दाखवणे हाही या साफसफाईचाच भाग मानायला हवा.

आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. यावेळी फोटो नाहीत. दोन बाक, एक दिवा आणि आठवड्याची पाळी आहे. फाटकाला कुलूप लावावे, असा आग्रह काहींनी धरला. मी विरोध केला. कुलपामागची जागा पुन्हा ओसाड व्हायला कितीसा वेळ लागणार?