रात्रपाळीला माणसे किती?

डिसेंबर 1864 मध्ये टिमथी डेली नावाचा आयरिश मजूर लंडनमध्ये मरण पावला. तो हॉलबर्नच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या गरिबांच्या आश्रयगृहात, आजारी पडून होता. तिथून त्याला रुग्णालयात हलवले तेव्हा फार उशीर झाला होता. अंथरुणाला खिळल्यामुळे अंगावर झालेल्या जखमांनी त्याचा जीव घेतला. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण लावून धरले. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी या एका मृत्यूचा आधार घेऊन संबंधित मंत्री चार्ल्स व्हिलियर्स यांना पत्र लिहिले. अशा जखमा झाल्या, तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, हे त्यांनी आपल्या पुस्तकात आधीच मांडले होते. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने स्वतःचे डॉक्टर पाठवून लंडनमधल्या वर्कहाउसांच्या आजारी वॉर्डांची पाहणी केली आणि जे दिसले ते छापले. आजाऱ्यांची देखभाल तिथे राहणारे दुसरे गरीबच करत. त्यांना प्रशिक्षण नव्हते, पगारही नव्हता. लिव्हरपूलमध्ये 1865 साली अ‍ॅग्नेस जोन्स प्रशिक्षित परिचारिका घेऊन अशाच वॉर्डात शिरल्या. तीन वर्षांनी तापाच्या साथीत त्या गेल्या. पण प्रशिक्षित हात आले की काय बदलते, हे तोवर सर्वांनी पाहिले होते.

दीडशे वर्षांपूर्वीची ही जखम आजच्या महाराष्ट्रात घरोघरी ओळखीची आहे. खुब्याचे हाड मोडलेले, पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंशाने घर विसरलेले आईवडील आज ‘केअर सेंटर’मध्ये ठेवले जातात. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात असे बंगले आणि मजले भाड्याने घेऊन चालवलेले दिसतात. मुलगा-सून दिवसभर नोकरीला, किंवा मुले परदेशी. घरी ठेवलेली ब्यूरोची बाई न सांगता निघून जाते. अशा कुटुंबाला नावे ठेवून आपण फार वर्षे घालवली. वृद्धाश्रम म्हणजे मुलांनी टाकलेले आईबाप, या विषयावर नाटक-सिनेमांनी पुरेसे रडवून झाले. त्या रडारडीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला: तिथे रात्री कोण असते?

हिशोब मांडून पाहा. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असा शुश्रूषेचा जुना शिरस्ता आहे. माकडहाड, टाच, खुबा इथे कातडी आधी लालसर होते, बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही. तेव्हाच लक्षात आले तर जखम टळते. आता एका माणसाला वळवणे, ओला डायपर बदलणे, अंग पुसून कोरडे करणे यात 10 मिनिटे धरा. एका मावशीकडे 20 खाटा असतील तर एक फेरी 200 मिनिटांची होते, आणि दोन तासांत मिनिटे असतात 120. शिवाय जड माणसाला वळवायला दोघी लागतात. ही मावशी कितीही मायाळू असली तरी तिला ते जमणार नाही. मग पहाटे कोणी पलंगावरून उतरू नये म्हणून त्याचे हात बांधले जातात, कोणाला झोपेची गोळी जास्त दिली जाते. अमेरिकेत 1987 साली कायदा झाला की सोयीसाठी वृद्धांना बांधून ठेवता येणार नाही. त्यानंतर तिथे बांधण्याचे प्रमाण खूपच घटले. माणसांचा स्वभाव तोच होता, फक्त आता तपासणारा येणार होता.

ब्रिटनमध्येही दयाबुद्धीने झाले नाही ते तपासणीने आणि प्रसिद्धीने झाले. 1948 मध्ये गरिबांचा जुना कायदा गेला, पण समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी 173 संस्था पाहून 1962 साली जे पुस्तक लिहिले त्यात असंख्य म्हातारी माणसे त्याच जुन्या वर्कहाउसांच्या इमारतींत राहताना दिसली. 1967 मध्ये कार्डिफच्या ईली रुग्णालयातील छळाची तक्रार तिथल्याच एका कर्मचाऱ्याने केली. चौकशी अहवाल मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी 1969 मध्ये पूर्ण छापला, आणि त्याच वर्षी दीर्घकालीन रुग्णालयांना भेटी देणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. अशी व्यवस्थाही नेहमी पुरी पडत नाही. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या रुग्णालयात मारहाण चालू असल्याचे कर्मचाऱ्याने नियामकाला कळवले होते, तरी कारवाई झाली ती 2011 साली दूरचित्रवाणीवर चित्रण दिसल्यावर. कागदावरची तपासणी आणि खरी तपासणी यांत एवढे अंतर असते.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. 1949 चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा इंग्लंडच्या 1927 च्या कायद्याच्या धर्तीवर आला. आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बल माणसांना ठेवून जिथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, ती जागाही त्याच्या व्याख्येत बसते. आरोग्याधिकाऱ्याला आत जाऊन पाहण्याचा अधिकार आहे. प्रत्यक्षात नोंदणी म्हणजे ऑपरेशन थिएटर आणि बाळंतपणाच्या खाटा, एवढेच डोळ्यांपुढे येते. नळीने जेवणाऱ्या वृद्धांनी भरलेला मजला बहुधा या कक्षेबाहेरच राहतो. दुसरीकडे समाजकल्याण खात्याने 1963 पासून वृद्धाश्रमांना अनुदान दिले, 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. त्या वेळी कल्पना होती ती निराधार पण हिंडत्या-फिरत्या वृद्धाची. 2007 च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट केली, पण राज्यांवर सक्ती केली नाही. काळजी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. स्थायी समितीकडे जाऊन आले, आणि लोकसभेची मुदत संपली तेव्हा बारगळले. ते पडून असतानाच 1 जानेवारी 2023 रोजी दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या ज्येष्ठांच्या केंद्रात पहाटे आग लागून दोन वृद्धा गेल्या. दोन दिवस बातम्या झाल्या.

महाराष्ट्राला त्या विधेयकाची वाट पाहण्याचे कारण नाही. 1949 चा कायदा राज्याचा आहे, नियम करण्याचा अधिकारही राज्याचा आहे. अंथरुणाला खिळलेले माणूस जिथे पैसे घेऊन ठेवले जाते त्या प्रत्येक जागेची नोंदणी व्हावी. किती खाटांमागे रात्री किती माणसे, हे नियमात आकड्याने लिहावे. जखमा, पडणे आणि मृत्यू यांची नोंदवही असावी, आणि तपासणीचा अहवाल दारावर लावावा. काम करणाऱ्या मावश्यांना नीट पगार आणि शिक्षण मिळाल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही, म्हणून दर वाढतील. गरिबांसाठी तो वाढीव भार सरकारनेच उचलला पाहिजे.

आणि ज्यांचे आईवडील आज अशा ठिकाणी आहेत त्यांनी नियमांसाठी थांबू नये. भेटीला दुपारी चार वाजता जाऊ नका, रात्री दहानंतर जा. पांघरूण बाजूला करून टाचा पाहा, पाठीखाली हात घालून पाहा. रात्रपाळीला किती जण आहेत ते विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.